मामासाठी खोळंबलेली उपासना

सकाळी आमच्या घरात दोन आवाज एकदम सुरू व्हायचे. ओटीवर पप्पांचा खलबत्ता आणि मागल्या पडवीत आईचं जातं. पप्पा पनवेलच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना उघडायच्या आधी ते घरीच काही औषधं कुटून ठेवायचे, त्यामुळे आमच्या ओटीला कायम ओवा, कापूर आणि आयोडिनचा मिळून एक वास असे. आई तिकडे तांदूळ दळत असे आणि दळता दळता गात असे. चाल तिच्या माहेरची, शेतात लावणीच्या वेळी बाया गातात ती, आणि त्यात शब्द मात्र येशूचे. हरवलेलं मेंढरू, विहिरीवरची शोमरोनी बाई, वादळात नावेच्या टोकाला झोपलेला प्रभू, सगळे तिच्या जात्याभोवती फिरायचे. त्या पिठाच्या भाकऱ्या व्हायच्या, सोबत भाजलेलं सुकट आणि कांदा. इतकं चवदार सुकट मी नंतर कुठे खाल्लं नाही. खारघरला मुलाच्या घरी मी एकदा सुकट भाजायला काढलं, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली वॉचमनला फोन केला.

पप्पा जन्माचे ख्रिस्ती. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. आई मात्र विचुंब्याच्या आगरी शेतकऱ्याची लेक. लहानपणी पायाला झालेली जखम चिघळली म्हणून तिच्या भावाने तिला या दवाखान्यात आणून ठेवलं, तिथे ती बरी झाली, तिथेच अक्षरं शिकली, बाप्तिस्मा घेतला आणि कंपाउंडरशी लग्न केलं. हिरूची मार्था झाली. या फरकाचा परिणाम आमच्या घरात रोज दिसायचा. पप्पांना शास्त्र पाठ होतं आणि त्यामुळे त्यांना त्यात काहीच नवीन दिसत नसे. आई बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची आणि तिला ते कालच्या टपालाने आल्यासारखं वाटायचं. पिठाचे हात घेऊन ती ओटीवर यायची. “अहो, हे वाचलंत का? वैऱ्याला भूक लागली तर त्याला जेवू घाल म्हणे!” पप्पा बत्ता न थांबवता म्हणायचे, “हो, आहे तसं.” “मग आपण का नाही घालत?” यावर पप्पांचा बत्ता जरा जोरात चाले.

एकदा तिने कुणी अंगरखा मागितला तर वरचं पांघरूणही दे, हे वचन वाचलं. त्याच आठवड्यात दवाखान्यात थंडीने काकडलेला एक म्हातारा आला आणि त्याने सदरा मागितला. आईने सदरा दिला आणि वर पप्पांचा लग्नातला कोटही देऊन टाकला. पप्पा तो सबंध हिवाळा स्वेटरवर काढत होते आणि म्हातारा बाजारात कोट घालून ऐटीत फिरत होता. आम्हा मुलांची हसून मुरकुंडी वळायची. मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली, काही चांगल्या शिकलेल्या माणसांची. पण शास्त्र ऐकून दचकणारं माणूस मी एकच पाहिलं, ते म्हणजे माझी आई.

आता मामाविषयी सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा सगळा गुंता त्याच्यापाशी आहे. आईने बाप्तिस्मा घेतल्यावर माहेरच्या साऱ्यांनी तिला टाकलं, एक तेवढा मामा सोडून. दिवाळीत भाऊबीजेला तो बैलगाडी जोडून यायचा. गाडीत तांदळाचं पोतं, वालाच्या शेंगा, कधी केळीचा घड. आई पाट मांडायची, दिवा ओवाळायची, कपाळाला टिळा लावायची आणि मामा ताटात लुगडं ठेवून तिच्या हातच्या करंज्या खात बसायचा. मंडळीतले, म्हणजे आमच्या देवळातले, लोक हे पाहून न पाहिल्यासारखं करत. पण एके वर्षी येशुदासराव पंच झाले. पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे. येशुदासराव शाळामास्तर होते, माणूस सरळ, पण कडक. त्यांनी दिवाळीच्या तोंडावर घरोघर जाऊन सांगितलं की माणसापुढे दिवा ओवाळणं ही मूर्तिपूजाच आहे आणि ती करणाऱ्याला प्रभुभोजनाला, म्हणजे देवळात भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, बसता येणार नाही. आई नवखी. आपण जन्माच्या ख्रिस्ती माणसांपेक्षा कुठे कमी पडू नये, ही तिला कायमची धास्ती.

त्या भाऊबीजेला मामा आला, नेहमीसारखा पाटावर बसला, पगडी सारखी केली आणि वाट पाहू लागला. आई आतून आली ती करंज्यांची ताटली घेऊन. दिवा नाही, कुंकू नाही. “दादा, आमच्यात आता हे चालत नाय,” ती म्हणाली. मामा उठला, आणलेलं लुगडं पाटावर ठेवलं आणि गाडी जोडून निघून गेला. पाटावर बसलेला भाऊ न ओवाळता उठला, याचा अर्थ आईच्या माहेरी काय होतो, ते पप्पांना कळलं नाही. मला कळलं, कारण आईने ते लुगडं कधीच नेसलं नाही.

त्यानंतर मामा आला नाही. पुढची दिवाळी तशीच गेली, त्याच्या पुढचीही. आई म्हणायची, “माझ्या मनात काही नाही त्याच्याबद्दल. तोच रुसला. न ऐकता गेला. मी रोज प्रार्थना करते त्याच्यासाठी.” हे ती इतक्यांदा म्हणायची की मलाही ते खरं वाटायचं. मात्र जात्यावरचं गाणं कमी झालं होतं. दळण लवकर उरकायचं.

दवाखान्याच्या मागे एक पडीक खाचर होतं. शेतकऱ्याच्या लेकीला ते रिकामं बघवेना. तिने परवानगी काढून त्यात भात लावलं, एकटीने. त्या वर्षी पीक चांगलं आलं आणि आईने ठरवलं की हंगामाच्या सणाला आपण आपल्या हातचं भात वेदीपुढे ठेवायचं. हंगामाचा सण म्हणजे आमच्या देवळातला सगळ्यात गजबजलेला रविवार. भात घरात आलं की सगळे आपापल्या पिकातलं घेऊन यायचे. वेदीपुढे दुधी, भोपळे, नारळ, अंड्यांच्या परड्या, मिठागरातलं पांढरंशुभ्र मीठ, पाय बांधलेले कोंबडे. उपासना चालू असताना एखादा कोंबडा हमखास प्रार्थनेच्या मधेच आरवायचा आणि पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, डोळे मिटलेलेच ठेवून आवाज वाढवायचे. मागच्या अंगणात मोठ्या टोपात मटण शिजत असे, उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनासाठी. त्याचा वास खिडकीतून आत यायचा आणि आम्हा मुलांची भक्ती तिकडेच लागलेली असायची.

त्या रविवारी आई नवं भात पाटीत भरून, डोक्यावर घेऊन आली. वर लोंब्यांची जुडी खोचलेली. तिने पाटी वेदीपुढे उतरवली आणि मागे बायकांच्या बाजूला माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा फुलला होता. पाळकसाहेब वाचायला उठले. ते म्हातारे होते, तपकीर ओढायचे आणि त्यामुळे नाकात बोलायचे, पण वाचताना एकेक शब्द असा ठेवायचे की खाली पडू नये. त्यांनी डोंगरावरच्या प्रवचनातला भाग काढला होता. वेदीपुढे दान आणलं असताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेवून जा, आधी भावाशी समेट कर, मग ये आणि दान दे, हा तो भाग. पुस्तक मिटून ते म्हणाले, “इथे प्रभू असं म्हणत नाही की तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर. तुझ्या मनात नसेलही. भावाच्या मनात असेल तर, असं म्हणतो. चूक कोणाची, तेही विचारत नाही. आणि मला नवल वाटतं ते असं, की देव म्हणतो, माझं राहू दे, आधी त्याच्याकडे जा.” एवढं बोलून ते खाली बसले. वचनानंतर थोडा वेळ गप्प बसायची त्यांची रीत होती. एरवी त्या शांततेत लोक खोकून घेत.

आई उभी राहिली. मला वाटलं तिला चक्कर आली. तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, “पाळकसाहेब, माझा भाऊ विचुंब्याला आहे. मी जाऊन येते.” पुरुषांच्या बाजूला पप्पा अर्धवट उठले. येशुदासराव म्हणाले, “मार्थाबाई, उपासना उरकू द्या. दुपारी जा.” खरं तर ते काही वावगं बोलले नव्हते. कोणीही तेच म्हटलं असतं. पण आई पाळकसाहेबांकडे बघत राहिली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते अजून विसरले नाही. इतकी वर्षं ते वचन वाचलेलं, शिकवलेलं, आणि आज कोणी तरी उठून ते करायला निघालं होतं. ते घाबरले होते असंच मी म्हणेन. “जा बाई,” ते म्हणाले. “पाटी तशीच राहील. तुम्ही येईपर्यंत मी आशीर्वाद देणार नाही.” आशीर्वादाशिवाय आमच्यात उपासना संपत नाही आणि उपासना संपल्याशिवाय कोणी जेवत नाही. “एस्तू, चल,” आई मला म्हणाली आणि आम्ही निघालो.

आता पनवेलहून विचुंब्याला जायला रिक्षा मिळते आणि दोन्ही बाजूंनी इमारतीच इमारती दिसतात. तेव्हा शेतांच्या बांधावरून वाट होती. भात कापून झालेलं, पायाला धसकटं टोचत. आई इतकी भरभर चालत होती की मला धावावं लागत होतं. गाढी नदीचं पाणी उतरलेलं होतं, आई कासोटा वर खोचून आणि मी परकर वर धरून, आम्ही त्यातून गेलो. मधल्या खडकावर आई थांबली. “एस्तू, तो बोलला नाय तर?” तिने मला विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाण्यात पाय पडल्याबरोबर तिची बोली बदलली होती. मी काय सांगणार? मी म्हटलं, “मग परत येऊ.” “परत कशी येऊ?” ती म्हणाली. “पाटी तितं ठेवलेय ना.” मला तेव्हा कळलं की ती किती मोठ्या कचाट्यात सापडली होती. मामाने पाठ फिरवली असती, तर तिला देवळातही तोंड उरलं नसतं आणि माहेरी तर ते नव्हतंच.

मामा खळ्यावर भात झोडत होता. अंगभर कोंडा, पगडी सोडून कमरेला बांधलेली. मामी सुपाने वारवत होती. आम्हाला बघून मामाने हातातली पेंढी आणखी जोरात आपटली. आई खळ्याच्या कडेला, सारवलेल्या जमिनीच्या बाहेर उभी राहिली.

“दादा, तुज्याशी बोलाया आलेय.”

“कशाला? तुमच्यात चालतं का?”

“चुकलं माजं.”

मामाने पेंढी खाली टाकली. मला वाटलं आता आई सांगेल, पंच कसे आले, काय म्हणाले, तिला कसली भीती होती. तिने काहीच सांगितलं नाही. मामाच बोलू लागला. “तुला काय ठाव हाय? तू बाटलीस तवा सगली भावकी या खल्यावर बसली व्हती. म्हनाले, हिरू मेली समज. मी म्हनलो, माजी बहीन मना भाऊबीजेला ववालते, ती मेली कशी? दर वरसाला तुज्याकडून येताना गावच्या येशीवर गाडीतनं उतरून चालत यायचो. टिला बघा म्हनायचो सगल्यांना. आनि तू मना पाटावर बसवून कोऱ्या कपालानं उठवलंस. येशीवर सगले बसलेले हिरू. सगले.”

आई मटकन खाली बसली. हे तिला माहीत नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं की भाऊ रीतभातीवरून रुसला. तो आपल्यासाठी अख्ख्या गावाशी भांडत होता आणि त्याच्याजवळ पुरावा म्हणून फक्त तो टिळा होता, हे तिच्या गावीही नव्हतं. शास्त्रातलं ते वचन किती खोल आहे, ते मला पुढे म्हातारपणी समजलं. आपल्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं, पण भावाच्या मनात काय आहे ते त्याच्या खळ्यावर गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून तर प्रभू जा म्हणतो.

मग मामा थोडा नरमून म्हणाला, “ऊठ. जा आता. रविवार ना तुमचा? पूजा चाललेली असंल तिकडं.”

“नाय चालली. थांबलेय.”

“कशापायी?”

“मी भाताची पाटी देवापुढं ठेवली नि आठवलं, तुज्या मनात माज्याबद्दल हाय. पुस्तकात लिवलंय, भावाच्या मनात काय असंल तर दान तितंच ठेव, आदी त्याच्याकडं जा. तू मनातनं काढशील तवा देव ते घेनार. तवर सगलं देऊल उपाशी बसलंय.”

मामा तिच्याकडे बघत राहिला. “म्हंजे तुजा देव थांबलाय?”

“हो.”

“माज्यासाठी?”

“तुज्यासाठी.”

मामा पेंढ्यांच्या ढिगावर बसला. कपाळावरचा घाम त्याने पालथ्या हाताने पुसला. “आमच्या गावदेवीची पालकी पाटलाला उशीर झाला तरी थांबत नाय,” तो मामीला म्हणाला, जणू तिने हे खरं की खोटं ते ठरवायचं होतं. मामीने सूप खाली ठेवलं आणि ती घरात गेली. आली ती पाट घेऊन. खळ्याच्या मधोमध पाट मांडला, त्याच्यासमोर ताट ठेवलं. ताटात पेटलेलं निरांजन आणि कुंकवाची कोयरी. मग पुन्हा सूप उचललं.

मामा पाटावर बसला. आईने ताटाकडे पाहिलं. येशुदासरावांचा शब्द मलाही पाठ होता आणि मला रडू यायला लागलं होतं. मग आईने ताट उचललं. तिने दिवा ओवाळला, स्वतःचं कपाळ कोरं ठेवून भावाच्या कपाळाला ठसठशीत टिळा लावला, आणि मामाने शेजारच्या राशीतलं मूठभर भात ताटात टाकलं. इथेच सांगून टाकते, या दिव्याची किंमत आईला मोजावी लागली. त्या वर्षी नाताळच्या प्रभुभोजनाला पंचांनी तिला बसू दिलं नाही. पाळकसाहेब तिच्या बाजूने बोलले, पण एकटे पडले. आई मागच्या बाकावर हात जोडून बसली आणि तिने कोणाविरुद्ध शब्द काढला नाही. तिने बरोबर केलं का, असं मला आजही लोक विचारतात. मी त्यांना सांगते, मला धर्मशास्त्र येत नाही, मी खळ्यावर होते एवढंच.

आम्ही निघालो तर मामाही पगडी बांधून मागे आला. आई म्हणाली, “तू कशाला? मी सांगते ना देवाला.” मामा म्हणाला, “तू सांगशील त्यावर त्यानं इश्वास कसा ठेवायचा? तक्रार माजी व्हती. मीच सांगतो.” नदी ओलांडताना त्याने मला खांद्यावर घेतलं.

इकडे देवळात काय चाललं होतं ते पप्पांनी पुढे कितीदा तरी सांगितलं. मंडळीची येतील ती सगळी गाणी म्हणून झाली. पेटीवाला थकला. लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपली. एक कोंबडा सुटून वेदीमागे गेला. मागच्या अंगणातून आचारी दोनदा दारात डोकावून गेला. येशुदासरावांनी उठून विचारलं की एका बाईसाठी किती वेळ थांबायचं. पाळकसाहेब खुर्ची सोडून पाटीजवळ जमिनीवर जाऊन बसले होते. ते म्हणाले, “मलाही माहीत नाही. मी आजवर कधी थांबलो नाही.” एक मात्र झालं. बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली, दोन बाक सोडून बसलेल्या आपल्या जावेजवळ गेली आणि तिथेच बसली. त्या दोघी एका अंगणात राहून वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या.

आता मी जाते त्या देवळात दान मोबाइलवरून जातं. सोयीचं आहे, मीही नातवाकडून करून घेते. पण बटण दाबताना दर वेळी मला एक क्षण वाटतं, थांब एस्तू, कोणाच्या मनात काही आहे का? आणि मग त्या दुपारचं देऊळ डोळ्यांपुढे येतं. मला देवाची भीती पुष्कळांनी घातली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा देवाचं नवल वाटलं. इतका मोठा असून तो उपाशी माणसांच्या घोळक्यात, पाटीभर भातापाशी, विचुंब्याच्या एका शेतकऱ्याची वाट बघत बसला होता.

मामाने दारात चपला काढल्या आणि तो सरळ मधल्या वाटेने आत गेला. घामाने टिळा थोडा ओघळला होता, त्यामुळे तो आणखीच मोठा दिसत होता. येशुदासराव उभे राहिले. “साहेब, यांच्या कपाळावर...” “बसा, येशुदासराव,” पाळकसाहेब जमिनीवरून उठत म्हणाले. “पाहुण्यांना बोलायचंय.” मामाने वेदीकडे पाहिलं. मूर्ती नाही, तसबीर नाही, नुसतं पांढरं कापड घातलेलं टेबल. कुणाकडे बघून बोलावं ते त्याला कळेना. त्याने आईकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि शेवटी त्या पाटीसमोरच हात जोडले.

“देवा, मी हिचा भाऊ. विचुंब्याचा,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “माज्या मनात हिच्याबद्दल काय नाय आता. तू लय थांबलास. घे तिचं भात.”

पाळकसाहेबांना बोलायला शब्द कधी कमी पडायचे नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हटलं, “आमेन.” मागून सगळी मंडळी, पप्पा, बाया, मुलं, दारात उभा असलेला आचारीसुद्धा, एका आवाजात “आमेन” म्हणाली. मामा त्या आवाजाने दचकला. आईकडे झुकून त्याने हळूच विचारलं, “काय म्हनाले गं?”

आईच्या डोळ्यांना धार लागली होती. तिने पदराने तोंड पुसलं.

“घेतलं म्हनाले,” ती म्हणाली.